तांडेलाच्या आधी

माणसाला अक्कल असावी, पण ती कुणापुढे पाजळावी हेही कळावं. हार्दिक तामोरेला देवाने पहिली गोष्ट भरपूर दिली आणि दुसरी द्यायला विसरला. आगर गावच्या मच्छीमाराचा मुलगा. घरची होडी सोडून तुरुंगखात्यात शिपाई झाला, शिपायाचा हवालदार झाला, आणि डहाणू-तलासरीकडचे कच्चे कैदी ठेवतात त्या लहानशा तुरुंगात बदली मिळवून पुन्हा आईच्या हातचं जेवू लागला. एवढ्यावर गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही.

त्या तुरुंगात तेव्हा दोन टोळ्या होत्या. एक देवजीची. समुद्रात उभ्या जहाजांवरून चोरीचं डिझेल उतरवायचं आणि दमणची दारू होडीने किनाऱ्याला लावायची, हा त्यांचा धंदा. दुसरी भाविकची. चारोटीपासून गुजरातच्या हद्दीपर्यंत हायवेवर ट्रक अडवून माल पळवणारी. एक पाण्यावरचा, एक डांबरावरचा, तसं भांडायचं कारण नव्हतं. पण किनाऱ्याला उतरलेली दारू पुढे जाणार हायवेनेच, तिथे वाटणीवरून जुंपली. बाहेर निदान पळायला जागा होती. आत सगळ्यांना एकाच नळावर अंघोळ. एका सकाळी भाविकच्या माणसाने चमच्याचा दांडा फरशीवर घासून धार लावली आणि नळापाशी देवजीच्या माणसाचा डोळा फोडला.

वरून हुकूम आला. कोण कुठल्या टोळीचा ते ओळखा, दोन टोळ्या दोन बराकींत घाला, आणि जो टोळीचा निघेल त्याच्या जामिनाला विरोध कळवा. हुकूम सोडणाऱ्याचं काय जातं! ओळखायचं कसं, ते कुणी सांगितलं नाही.

जेलर दिपक वाळिंबे नवीनच आले होते. घाटावरचे, मासे न खाणारे, कुणाशी फार न बोलणारे. त्यांनी आधी सगळ्यांचे सदरे काढायला लावून गोंदणं तपासली. निघालं काय, तर कुणाच्या हातावर आईचं नाव, कुणाच्या दंडावर मारुती, आणि एकाच्या छातीवर पहिल्या बायकोचं नाव खोडून लिहिलेलं दुसरीचं. मग खबरे लावले. खबऱ्यांनी, ज्यांच्याशी आपलं वाकडं त्यांची नावं दिली आणि वर बिडीचं बंडल मागितलं. शेवटी एकेकाला समोर उभं करून विचारलं, "कुणाचा तू?" जो तो हात जोडून एकच सांगे, "कुणाचाच नाय, साहेब."

"तुरुंगात कुणाचाच नसलेला माणूस नसतो, तामोरे," साहेब म्हणाले. "हे पक्कं ध्यानात ठेव. आणि आपल्यातही कुणीतरी देवजीचा आहे. त्याच्या अंथरुणात मोबाइल सापडला, तो काही भिंतीवरून उडून आला नाही. सापडू दे तो माणूस. वर्दी उतरवतो त्याची."

मोबाइल हार्दिकने दिला नव्हता, आईशप्पथ नव्हता दिला. पण हा देवजी एके काळी हार्दिकच्या बापाच्याच होडीवर तांडेल होता. तांडेल म्हणजे होडी हाकणारा, समुद्रात त्याचा शब्द शेवटचा. हार्दिक त्याच्या खांद्यावर बसून वाळूवर फिरला होता, त्याला काका म्हणत होता. बाप गेला, देवजी वाईट धंद्याला लागला, आणि तुरुंगात समोरासमोर आले तेव्हा दोघांनी ओळख दाखवली नाही. साहेबाला हे कळलं तर? मोबाइल कुणी दिला हे शोधायला मग लांब कशाला जायचं?

भ्यालेला माणूस एक तर गप्प होतो, नाहीतर नको इतका इमानी होतो. हार्दिक इमानी झाला.

"साहेब, जेवताना बघा," तो म्हणाला.

"जेवताना काय बघायचं?"

"देवजी जुना तांडेल आहे. होडीवर रीत असते, पहिला घास दर्याला, दुसरा तांडेलाच्या तोंडात, मग बाकीचे. तोवर कितीही भूक लागू दे, कुणी भाताला हात लावत नाही. तीच रीत त्याने टोळीला लावली आहे. तुम्ही त्यांना कसंही पांगवून बसवा, देवजीने घास घेतल्याशिवाय त्याचा माणूस जेवणार नाही. आणि भाविकची माणसं मुद्दाम आधी जेवतात, देवजीच्या तोंडाकडे बघत, त्याला खिजवायला. जे कुणाचे नाहीत, ते ताट आलं की खातात, इकडेतिकडे बघत नाहीत."

वाळिंबेंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुला कसं ठाऊक हे?"

"रोज वाढताना उभा असतो ना, साहेब," हार्दिक म्हणाला. बापाच्या परातीशी बसून शिकलेली गोष्ट त्याने अशी पहाऱ्यावर ढकलून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पटांगणात पंगत बसवली. टोळकी मोडून, जागा बदलून, कुणाच्या शेजारी कोण याचा मेळ न ठेवता. साहेब वरच्या खिडकीत उभे राहिले आणि हार्दिक त्यांच्या बाजूला. देवजीला मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी वाढलं. तो सावकाश माणूस, त्याने आधी पाण्याचा डबा जवळ ओढला, बाही वर केली, बोटं धुतली. आणि काय सांगावं, खेळ असा उघडा पडला की शेंबड्या पोरालाही कळावा! इथे एकाचा हात मांडीवर, तिथे एकाचा, पलीकडे भिंतीशी एक जण भाकरी नुसतीच धरून बसलेला. भाविकची माणसं मान वर करून मचामचा खात होती. देवजीने चिमूटभर भात जमिनीवर टाकला, दुसरा घास तोंडात घातला, आणि मांडीवरचे सगळे हात ताटात गेले.

"सोनं आहे तुझी युक्ती," वाळिंबे म्हणाले आणि बोटाने एकेकाला टिपू लागले. "हा. तो. तो टकला. आणि तो, तुळशीपाशी बसलेला काळा, तोही."

हार्दिकने तुळशीपाशी पाहिलं. तो धाकल्या होता.

धाकल्या कासा गावाच्या पलीकडच्या पाड्यावरचा. तुकडाभर भातशेती, बाकी मजुरी. मामाच्या पोराच्या लग्नाला स्वस्तातली दारू हवी म्हणून उसन्या मोटारसायकलवर पिशवी अडकवून निघाला आणि तलासरीला नाक्यावर सापडला. एवढाच त्याचा गुन्हा. वकील झाला होता, जामीनदार मिळाला होता. लाडकी, त्याची बायको, दर मुलाखतीला दोन जीपगाड्या बदलून यायची, आणि परवाच हार्दिकने तिला आपल्या तोंडाने सांगितलं होतं, "सोमवारी ये. नवऱ्याला घेऊन जा."

आणि हाच धाकल्या पोरसवदा असताना हार्दिकच्या बापाच्या होडीवर खलाशी होता. पाड्यावरून आलेला, समुद्र पहिल्यांदा बघणारा. पहिल्याच दिवशी भुकेने कळवळून त्याने तांडेलाच्या आधी परातीत हात घातला, आणि देवजीने चुलीवरचा तापलेला डाव त्याच्या बोटांवर ठेवला. सगळे हसले. काठावर उभा असलेला मालकाचा मुलगा हार्दिकही हसला. ते तीन पांढरे वण अजून धाकल्याच्या बोटांवर होते. होडी सोडून वर्षं लोटली, पण देवजी समोर बसलेला असताना धाकल्याचा हात आपण होऊन मांडीवर गेला, दुसरं काय होणार!

एक वाक्य पुरे होतं. साहेब, हा टोळीतला नाही, आमच्या होडीवरचा आहे. एवढंच. पण आमच्या होडीवरचा म्हटलं की पुढचा प्रश्न काय येणार, हे हार्दिकला ठाऊक होतं. मग तांडेल कोण होता तुमचा? इकडे आड, तिकडे विहीर. आणि आडात पडायचं ते दुसऱ्याने पडावं, असं वाटणारा हार्दिक काही जगातला पहिला माणूस नव्हे.

"साहेब, त्या एकाचं मला नक्की वाटत नाही," तो म्हणाला. "उद्या एकदा परत बघू या का?"

"बघू. उद्या बघून मग सगळ्यांनाच हलवू."

दुपारी धाकल्या वाफ्यातलं गवत उपटत होता. हार्दिक काठी हलवत त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"शेठ," धाकल्या हसला. "सोमवारी लाडकी येणार ना?"

"शेठ म्हणू नको इथे, किती वेळा सांगितलं? ऐक. उद्या ताट आलं की लगेच जेवायचं. देवजीच्या आधी."

धाकल्याने हातातली माती झटकली. "तांडेलाच्या आधी?"

"हो, तांडेलाच्या आधी! साहेब वरून बघतात. जो थांबला तो देवजीचा माणूस. मग सोमवार विसर आणि जामीनही विसर."

"पण मी नाय त्याचा माणूस. तुम्हाला ठावं हाय, शेठ. तुम्ही सांगा ना साहेबांना."

"मी सांगतो, तू जेव. आधी जेव, सुटशील. कळलं? एक घास गिळायला काय जीव जातो का रे तुझा?"

धाकल्या आपल्या बोटांकडे बघत राहिला. "बरं," म्हणाला. ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घरचा मुलगा सांगतो, म्हणजे त्यात काही वावगं नसणार, अशी त्याची समजूत. ही असली समजूत गरिबाला फार महाग पडते.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. धाकल्याच्या पुढ्यात भात आला, वर डाळ आली. देवजी अजून बाही वर करत होता. धाकल्याने भाताचा गोळा केला आणि उचलला, पण तो तोंडाशी पोचेना. हात छातीपाशी येऊन अडला. शेवटी त्याने देवजीकडे पाहिलं, थेट त्याच्या डोळ्यांत, कारण भीती वाटली की माणूस भीती जिथून येते तिकडेच बघतो. आणि तसंच बघत बघत त्याने घास तोंडात कोंबला, मग दुसरा, मग तिसरा, न चावता. देवजी बाही धरून तसाच बसला. नुसता धाकल्याकडे बघत राहिला.

वर हार्दिकने सुटकेचा श्वास टाकला. "बघा साहेब, म्हटलं नव्हतं? तो नाही."

"तो नाही?" वाळिंबे हळूच हसले. "तामोरे, तुझीच युक्ती आणि तुलाच वाचता येत नाही? देवजीच्या तोंडाकडे बघत जेवला तो. कसा, ते पाहिलंस ना? काल थांबला आणि आज खिजवतो. हा भाविकचा माणूस आहे, देवजीत पेरलेला. आज घाई झाली आणि पितळ उघडं पडलं. घाल त्याला भाविकच्या बराकीत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. हार्दिकने तोंड उघडलं. "साहेब, कदाचित तो घाबरून..."

"का रे?" साहेबांनी मान वळवली. "त्याची फार काळजी तुला? ओळखीचा आहे?"

"नाही, साहेब," हार्दिक म्हणाला.

संध्याकाळच्या आत हलवाहलव झाली. देवजीची माणसं पुढच्या बराकीत गेली. सगळ्यांत शेवटी देवजी आपलं कांबळं काखेत मारून आला आणि दारात हार्दिकच्या अगदी जवळून जाताना थांबला.

"बापाची रीत विकलीस होय रे?" तो इतकं हळू म्हणाला की पलीकडच्या शिपायाला ऐकू गेलं नाही. "आमची माणसं तुझ्याशिवाय कोण ओळखणार? जा, आता साहेबाला सांग की धाकल्या कोण आहे ते. सांगच. मग मीही सांगतो, तुला खांद्यावर कुणी खेळवलं ते."

तो आत गेला आणि हार्दिकने दार लावलं. त्याच्या तोंडाला तर आधीच कुलूप होतं, देवजीने वर आणखी एक घातलं.

मग धाकल्याची पाळी. मागच्या बराकीकडे त्याला हार्दिकनेच नेलं. धाकल्या वाटभर विचारत होता, "मी जेवलो ना, शेठ? आधी जेवलो ना? मग आता कुठे नेता?"

"दोन दिवसांचा प्रश्न आहे. सोमवारी सुटशील."

"तुम्ही सांगाल ना?"

"सांगतो. उद्या सांगतो."

बराकीत भाविक भिंतीला टेकून बसला होता. पोरगेलासा, गुळगुळीत दाढीचा, तलासरीकडचा, अर्धं गुजराती अर्धं मराठी बोलणारा. धाकल्याला बघून तो उठून उभाच राहिला. "आवो, आवो! देवजीनो माणूस आपल्या घरी आव्यो!"

"मी कुणाचाच नाय," धाकल्या म्हणाला.

सगळी बराक हसली. हार्दिकने बाहेरून दार ओढून घेतलं, कडी घातली आणि तो निघाला. व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाईस्तोवर आतलं बोलणं त्याला स्पष्ट ऐकू येत होतं.

"कालपर्यंत देवजीसाठी ताटावर थांबत होतास. आम्ही बघितलं नाय काय? आज आमच्यात? कोणी पाठवला, साहेबाने की देवजीने?"

"कुणी नाय पाठवला. आईशप्पथ."

"कुठला हात थांबला होता रे? हा? की हा?"

"दादा, नको. दादा, जेवायचा हात हाय."

मागच्या बराकीला संडासाकडे एक लोखंडी दार होतं, जाड, गंजलेलं, आपटलं की पटांगणापर्यंत आवाज जाणारं. ते दार एकदा आपटलं. मग पुन्हा. मग धाकल्या असा ओरडला की तुळशीपाशी दाणे टिपणाऱ्या चिमण्या उडाल्या. हार्दिकच्या गळ्यात शिट्टी होती. नियम असा की आत मारामारी असली तर एकट्याने बराक उघडायची नाही, शिट्टी वाजवायची, चौघं जमवायचे, मग आत जायचं. नियम चांगलाच आहे. पण शिट्टी वाजवली की साहेब येणार, धाकल्या वेदनेने बेभान, आणि त्या भरात तो शेठ म्हणून हाक मारणार, होडीचं बोलणार. हार्दिकने शिट्टी ओठांत धरली आणि तशीच धरून ठेवली. दार आणखी दोनदा आपटलं. ओरडणं थांबलं, नुसतं कण्हणं उरलं, तेव्हा त्याने फुंकर मारली.

धाकल्याच्या उजव्या हाताची चारही बोटं मोडली होती आणि तळहाताचं हाड बाहेर आलं होतं. जबाब हार्दिकने दिला. न्हाणीघरात घसरला, दाराला हात लागला. धाकल्याने तो ऐकला आणि नाही म्हटलं नाही, तो शुद्धीवर होता की नाही कोण जाणे. डॉक्टर दुसऱ्या दिवशी उगवला, त्याने फळी बांधली आणि गोळ्या दिल्या.

वाळिंबे साहेबांना न्हाणीघराची गोष्ट अर्थातच पटली नाही, ते काही दूधखुळे नव्हते. "भाविकच्या लोकांनी मारला ना? म्हणजे त्यांचा नव्हता. म्हणजे देवजीचाच." त्यांनी टेबलावर थाप मारली. "तामोरे, तुझी युक्ती पहिल्या दिवशीच बरोबर होती. मीच उगाच शंका घेतली. हलव त्याला पुढच्या बराकीत." आणि हार्दिकच्या नावाची वर शिफारस केली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण सुळी देणाऱ्याला बढती मिळते हे म्हणीत सांगत नाहीत.

पुढच्या बराकीत देवजीने धाकल्याला बोटही लावलं नाही. रोज दोन्ही वेळा त्याला समोर बसवायचा, ताट पुढ्यात ठेवायचा आणि सगळ्यांचं जेवण होईपर्यंत तसंच बसवून ठेवायचा. सगळ्यांनी हात धुतले की ते पाणी त्याच्या भातावर ओतायचा आणि मग म्हणायचा, "आता जेव. आता कुणी तुझ्या आधी नाही, कुणी तुझ्या मागे नाही." धाकल्या डाव्या हाताने जेवायचा. त्याला मुळी काही वाटेनासंच झालं.

सोमवारी लाडकी आली. नवऱ्याचा धुतलेला सदरा पिशवीत घालून आणला होता, घालून घरी न्यायला. हार्दिक मुलाखतीच्या जाळीशी उभा होता.

"आज नाही, बाई," तो म्हणाला. "जामिनाला विरोध झालाय. तुझा नवरा टोळीतला निघाला."

लाडकीला आधी कळलंच नाही. "कुठल्या टोळीतला? आमच्या पाड्यावर टोळी नाय, दादा. धा घरं हायत सगळी मिळून."

"मला काय विचारतेस? साहेबांनी ठरवलं."

"तुम्ही सांगा ना. तुमच्या होडीवर होता ना तो? तुमच्या बाबांनी लग्नात धोतर दिलं त्याला. तुम्हाला ठावं हाय..."

"हळू बोल!" हार्दिकने झटकन मागे वळून पाहिलं, कुणी ऐकलं का ते. कुणी नव्हतं. "जा तू. पुढच्या तारखेला बघू." लाडकीने सदरा जाळीच्या फटीतून आत सरकवायचा प्रयत्न केला, तो जाईना. मग तिने तो परत पिशवीत घातला आणि ती गेली.

तारखा पडत गेल्या. देवजीला जामीन मिळाला, त्याचा वकील मुंबईचा. भाविकलाही मिळाला, त्याचा तर अहमदाबादचा. टोळीतला म्हणून आत उरला तो धाकल्या. पुढच्या पावसाळ्यात कुणालातरी त्याची आठवण झाली आणि त्याला सोडलं. हात तोवर जसा जमेल तसा जुळून आला होता, बोटं आत वळलेली, मूठ न उघडणारी.

आगरला तेव्हा होड्या पाण्यात घालायची तयारी चालली होती. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तामोऱ्यांच्या घरी नव्या हंगामाच्या खलाशांना जेवण असतं. हार्दिकची आई पुतळी ती रीत नवरा गेल्यावरही पाळत आली होती, होडी तिनेच चालू ठेवली होती. अंगणात पंगत मांडलेली. वरच्या टोकाला नवा तांडेल लडक्या, त्याच्या बाजूला मालक म्हणून हार्दिक, खाली खलाशी. फाटकाशी दोन माणसं येऊन उभी राहिली.

"अगं बाई, धाकल्या ना तू?" पुतळीने कपाळावर हात धरून पाहिलं. "किती वर्षांनी! ये रे, आत ये. आणि ही लाडकी ना? बसा, बसा, जेवायच्याच वेळेला आलात."

"काम हाय का बघायला आलोय, आये," धाकल्या म्हणाला. "होडीवर."

पुतळीची नजर त्याच्या हातावर गेली आणि तिचा चेहरा उतरला. त्या हाताने जाळं ओढायचं कसं, दोरी धरायची कशी? "आधी जेव, मग बोलू," ती म्हणाली. हार्दिक पानावरच होता. त्याने मान वर केली नाही.

धाकल्या पंगतीच्या शेवटी बसला. पुतळीने वाढत आणलं, सुक्या बोंबलाचं कालवण आणि भात, वरून खालपर्यंत. लडक्या तांडेल सावकाश बाही वर करत होता. सगळ्यांचे हात मांडीवर. आणि धाकल्याने डावा हात ताटात घातला, मोठा घास केला आणि खाल्ला. मग दुसरा. तो भराभर जेवायला लागला, मान खाली घालून, कुणी ताट ओढून नेईल अशा घाईने.

लडक्याचे डोळे मोठे झाले. हंगामाच्या तोंडावर असा अपशकुन!

"अरे, अरे!" पुतळीचा डाव हातातच राहिला. "तांडेलाच्या आधी? आमच्या होडीवर जन्म काढलास आणि विसरलास होय रे सगळं?"

धाकल्याने तोंडातला घास गिळला. "विसरलो नाय, आये," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, गाऱ्हाणंही नव्हतं. "हार्दिकशेठनी शिकवलं. आधी जेव, सुटशील, म्हणाले."

सगळी पंगत हार्दिककडे बघू लागली. आईही बघू लागली. पुन्हा एकच वाक्य हवं होतं. इथे ना साहेब होता ना देवजी, ना वर्दी जाण्याची भीती. आईचं अंगण, आपली माणसं. आतापर्यंत भीतीने बोलला नाही असं म्हणता आलं असतं. आता तेही निमित्त नव्हतं.

हार्दिक हसला. "टोळीत राहून आलाय तो, आई. डोकं फिरलंय त्याचं. काय शिकतात आत, देव जाणे." आणि खलाशांना म्हणाला, "उठवा रे त्याला. पान बाटवलं सगळं."

दोघा खलाशांनी काखेत हात घालून धाकल्याला उठवलं. तो ओढाओढ न करता उठला. जाता जाता त्याने ताटातला आणखी एक घास घेतला आणि तोंडात घातला. लाडकीने त्याचा डावा हात आपल्या पदराला पुसला आणि ती दोघं फाटकातून वाळत्या जाळ्यांच्या बाजूने निघून गेली. पुतळीने मुलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती कालवणाचं भांडं घेऊन आत गेली.

लडक्या तांडेलाने चिमूटभर भात समुद्राच्या दिशेला टाकला. दुसरा घास त्याने स्वतः घेतला. मग सगळे जेवायला लागले आणि हार्दिकही जेवला. बोंबलाचं कालवण आईच्या हातचं होतं. त्याने भात दुसऱ्यांदा मागून घेतला.